लोखंडाला सुतक नसतं

१ जानेवारी १९५५, शनिवार

औषधाच्या कारखान्यातल्या एका साहेबांना आज स्टेशनवरून कॉलनीत सोडले. उतरताना त्यांनी ही डायरी दिली. म्हणाले, "माझ्याकडे दोन आल्यात, भिमाजी. तुझं अक्षर चांगलं आहे, लिहीत जा." गाडीच्या काचेवर मी 'कृपया दार हळू लावा' असे लिहिले आहे, ते त्यांना आवडते. मराठी पाचवीनंतर वडील गेले आणि शाळा सुटली, पण शुद्धलेखनात मी वर्गात पहिला असे. इथे खाडाखोड न करता लिहायचे ठरवले आहे.

गाडी दौलतमामांची, चालवतो मी. चिंचवड स्टेशनवरून देहू, आळंदी, चाकण, पुणे अशी भाडी करतो. मोटार अमेरिकन आहे, १९३४ सालची, काळी आणि बंद बांध्याची. स्टेशनवरचे टांगेवाले तिला म्हैस म्हणतात. हल्ली ती धूर फार टाकते, त्यामुळे त्यांना आणखीच हसू येते.

घरी धाकटी बहीण कुसुम बाळंतपणाला आलेली आहे. मुलगा सात आठवड्यांचा झाला. नाव आजोळच्या कोणाचे नाही, तिच्या सासरच्या पणजोबांचे ठेवले, चिमाजी. आम्ही चिमण्या म्हणतो. मी बोट दिले की धरून ठेवतो आणि सोडत नाही.

३ जानेवारी, सोमवार

गाडी आज भोसरीजवळ बंद पडली. मागे बसलेले दोन व्यापारी उतरले आणि एकाने रस्त्याच्या कडेला ओकारी काढली. डोके ठणकते म्हणाला. म्हणे तुझ्या गाडीत पेट्रोल पितात की काय. मी माफी मागितली. गेल्या महिन्यापासून मागे बसणाऱ्यांची ही तक्रार आहे. धूळ येते म्हणून काचा लावतात आणि मग डोकी धरून बसतात. मला पुढे काही होत नाही, कारण हाताने खूण करायला माझी काच नेहमी उघडी असते.

रहिमानचाचांकडे नेली. हमरस्त्याला पिंपरीच्या अलीकडे त्यांची पत्र्याची शेड आहे. वडील होते तेव्हापासून आमची गाडी तेच बघतात. त्यांनी कार्ब्युरेटर उघडला (मामा त्याला कारबेटर म्हणतात, मी पेटीवरचे अक्षर पाहून लिहितो). आतले तरंगते पितळी भांडे झिजून भोक पडले आहे, म्हणून पेट्रोल जास्त जाते आणि काळा धूर होतो. झाळून झाळून आता झाळायला जागा नाही. आता कार्ब्युरेटरच बदलावा लागेल.

मग ते गाडीखाली शिरले. खालूनच म्हणाले, "भिमा, धुराच्या नळीला पण भोक आहे रे. मागच्या सीटखाली. धूर सगळा मागे जात नाही, थोडा आत येतो. हे वेल्डिंगचं काम. माझ्याकडं होत नाही, खडकीला न्यावी लागेल. दोन दिवस गाडी ठेव."

मी म्हटले आधी कार्ब्युरेटरचे बघू. मूळ दोष तो आहे.

४ जानेवारी, मंगळवार

दोन वाटा आहेत.

नवा कार्ब्युरेटर मुंबईच्या दुकानातून मागवायचा. दुकानदाराने मामांना तारेने कळवले की हल्ली परदेशी माल सहज येत नाही, बोट लागली की देऊ. महिनाअखेर धरून चाला, पण खात्री नाही.

जुना रहिमानचाचांकडे आजच तयार आहे. आमच्याच बनावटीच्या गाडीचा, फार न वापरलेला. मी विचारले, कुठून आला. त्यांनी लपवले नाही. तळेगावच्या पुढे दिवाळीत एक गाडी उलटली होती. चालवणारा जागीच गेला. ती गाडी भंगारात आली, तिचा हा.

मी हात मागे घेतला. माझे मलाच कळले नाही.

चाचा हसले. म्हणाले, "तो गेला वळण चुकल्यामुळं. ह्यानं काय केलं? अरे बेटा, लोखंडाला सुतक नसतं."

रोशनबी चाची चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पोराला कशाला घाबरवता? तुमची भाषा म्हणजे पाना-हातोडा." मग मला विचारले, बोरनहाणाला चिमण्याला काळे झबले शिवले आहे का. नाही म्हटल्यावर मापाला त्याचे जुने अंगडे आणायला सांगितले.

६ जानेवारी, गुरुवार

मंचरहून निरोप आला. कुसुमच्या सासूबाई शालनबाई यांचा हट्ट आहे की नातवाची पहिली संक्रांत, बोरनहाण संक्रांतीलाच आणि त्यांच्याच दारात व्हावे. बारा तारखेला तरी पोहोचा. बायकांना आमंत्रणे गेली.

आई म्हणाली, "रथसप्तमीपातुर चालतंय की बोरनहाण. पोर अजून वल्लं हाय. थंडी किती पडलीय."

मामा म्हणाले, "शालनबाईला कोण सांगणार? तू?"

"मी कशाला सांगू? मी पोरीची आई हाय."

एस.टी.ने न्यायचे म्हटले तर आईने कानावर हात ठेवले. त्या गाडीच्या खिडक्यांतून वारा भणभणतो. बाळंतिणीला एकदा वारा लागला की जन्माचे दुखणे.

मग सगळे माझ्याकडे बघू लागले. मामा म्हणाले, "गाडी तू हाकतोस, तूच ठरव. जुना लावशील तर संक्रांतीला जाणं होईल. नव्यासाठी थांबलास तर रथसप्तमी."

 कुसुमला जायचे आहे, हे तिच्या बसण्यावरून कळते. दाजी दोन महिन्यांत एकदाच आले.

मी दिवसभर मनात तोलत होतो. नव्याला कुणाचा हात लागलेला नाही. जुना चांगला आहे, पण तो ज्याच्याबरोबर रस्त्यावर होता तो माणूस आता नाही. एकदा वाटते चाचा म्हणतात ते खरे. एकदा वाटते त्यांना काय, त्यांना विकायचा आहे. असे वाटल्याची लगेच लाजही वाटली.

८ जानेवारी, शनिवार

जुना बसवला. मामांना सांगितले कुठला ते. आईला सांगितले नाही. मामा म्हणाले, "बायकांना इंजिनातलं काय सांगायचं."

खरे सांगायचे तर गाडी अशी कधी चाललीच नव्हती. एका हँडलमध्ये सुरू. काळा धूर गेला, पेट्रोलचा वास गेला. स्टेशनवर चिमाजी टांगेवाला म्हणाला, "भिमाराव, म्हैस बाळंत होऊन उठली काय?" सगळे हसले, मीही हसलो.

(हा चिमाजी आणि आमचा चिमण्या एकाच नावाचे. तो म्हणतो, भाच्याला माझ्या नावाची लाज वाटू देऊ नका.)

चाचांनी पुन्हा नळीचे काढले. सोमवारी-मंगळवारी गाडी सोड, खडकीला नेऊन आणतो म्हणाले. पण ते दोन दिवस आळंदीचे भाडे आधीच घेतलेले आहे, शब्द मोडता येत नाही. मग त्यांनी तेलाच्या डब्याचा पत्रा नळीवर गुंडाळून तारेने आवळला. म्हणाले, "हे तात्पुरतं. हादऱ्यानं सरकंल. मंचरहून आलास की नळी आधी. आणि तोवर मागच्या काचा उघड्या ठेवत जा."

मी हो म्हटले. पण धूर दिसतच नाही आता. वासही नाही. जे दिसत नाही आणि ज्याला वास नाही ते आत येऊन काय करणार?

११ जानेवारी, मंगळवार

उद्या निघायचे. आळंदीचे भाडे दुपारीच संपवले आणि गाडी घरासमोर घेऊन तयार केली. हे काम मी मनापासून केले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मागच्या दोन्ही काचा वर करून कडांना कापडाच्या पट्ट्या खळीने चिकटवल्या. दाराच्या फटींत तरटाचे तुकडे दाबले. पायाखालच्या फळ्यांत जिथे उजेड दिसत होता तिथे चिंध्या डांबरात बुडवून ठासल्या. आता वाराही नाही आणि धूरही नाही, म्हणजे चाचांच्या सांगण्याचाही बंदोबस्त झाला. फक्त मागच्या सीटखाली बघता आले नाही, कारण तिचे बोल्ट गंजून धरले आहेत. पण तिथे तर सीटच आहे, तिथून वारा कसा येईल.

राहिली माझी काच. ती हाताच्या खुणेसाठी उघडी ठेवावीच लागते. म्हणून पुढची आणि मागची बाजू यांच्यामध्ये घोंगडी ताणून छताला खिळ्यांनी ठोकली.

सांजवात झाल्यावर आई निरांजन घेऊन मागे जाऊन बसली. मी सगळी दारे लावली आणि बाहेरून पुठ्ठ्याने वारा घातला. काचेतून बघत होतो. ज्योत जराही हलली नाही.

आई उतरली आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटे मोडली. "माझ्या लेकानं पाळण्यावाणी केली गाडी," म्हणाली.

चाचींनी झबले पाठवले. काळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याचे तीळ काढले आहेत. चिमण्याला ते मोठे होते.

१७ जानेवारी, सोमवार

पाच दिवस लिहिले नाही. आता लिहितो. जसे झाले तसे लिहितो.

बारा तारखेला ऊन पडल्यावर निघालो. मागे कुसुम, आई आणि चिमण्या. पुढे मी आणि मामा. चिमण्याला ते काळे झबले घातले होते. कुसुमचे डोके आणि कान पक्के बांधलेले. घोंगडीच्या पलीकडून दोघींचे बोलणे ऐकू येत होते. आई म्हणत होती, शालनबाई पहिल्यांदा पोराचे नाक बघेल, त्यांच्याकडं सगळ्यांचं चपटं. कुसुम हसत होती.

मोशी ओलांडल्यावर कुसुम म्हणाली, "आई, डोकं लई दुखतंय. काच उघड ना जरा."

आई म्हणाली, "येडी का काय? हिवाळ्याचा वारा. डोळे मीट, गाडी लागली आसंल."

थोड्या वेळाने कुसुम पुन्हा म्हणाली, "दादाला सांग." पण दादाला काय सांग, ते म्हणाली नाही. मी मागे वळून विचारले, काय गं. आई जड आवाजात म्हणाली, "निजतीया ती. तू गाडी हाक."

नंतर आवाज आला नाही. मला बरे वाटले की तिघे निजले. खड्डे चुकवत अगदी हळू चालवली. मामा एकदा म्हणाले, एवढ्या हळू मंचर उद्या येईल. मी म्हटले, झोपमोड नको.

चाकणला पाणी टाकायला थांबलो आणि घोंगडीची कड उचलली.

आई तोंड उघडे टाकून कुसुमच्या खांद्यावर कलंडली होती. कुसुमच्या पदरावर ओकारी होती. हाक मारली तर डोळे उघडेनात. दोघींना बाहेर ओढून रस्त्याच्या कडेला झाडाखाली निजवले, मामांनी तोंडावर पाणी मारले. आधी आई बसती झाली, मग कुसुम. चिमण्या माझ्या हातात होता. गाल गुलाबी होते. आजवर इतका गुलाबी कधी दिसला नव्हता. मी बोट त्याच्या मुठीत दिले. त्याने धरले नाही.

चाकणच्या वैद्यांनी त्याची पापणी वर करून पाहिली. म्हणाले, दूध छातीत गेले असावे. कुसुमला अजून नीट भान नव्हते. ती विचारत होती, मंचर आलं का.

पुढे मंचरला गेलो. मूल त्यांचे, त्यांच्या मातीत जायला हवे, असे मामा म्हणाले. आईने स्वतः काचेच्या पट्ट्या फाडल्या आणि दोन्ही काचा खाली केल्या. आता कसला वारा, म्हणाली. कुसुम वाऱ्यात तोंड देऊन बसली. खेड येईपर्यंत तिचे डोके उतरले आणि तिला सगळे समजले.

शालनबाईंच्या दारात सुपात बोरे, चुरमुरे आणि उसाचे करवे काढून ठेवले होते. काट्याच्या हलव्याचा मुकुटसुद्धा केला होता. त्या रडल्या नाहीत. एकदम मामांना म्हणाल्या, गाडीत काय केलं होतं तुम्ही? मामा घाबरून बोलून गेले की काही नाही, गाडी तर आता नवीन केलीय, तळेगावच्या त्या गाडीचा कारबेटर लावलाय.

"कंच्या गाडीचा?"

मामांनी दिवाळीतल्या अपघाताचे सगळे सांगून टाकले.

"मयताच्या गाडीचं काळीज लावून माझा नातू आणलात," शालनबाई म्हणाल्या. सगळ्या आळीने ऐकले. आईनेही तिथेच पहिल्यांदा ऐकले. ती माझ्याकडे बघत होती.

त्याला त्याच झबल्यात मातीत ठेवला.

२० जानेवारी, गुरुवार

कुसुम मंचरलाच राहिली. आम्ही निघताना ती आईच्या पाया पडली नाही. आई तिच्यासमोर उभी राहिली तर तिने तोंड फिरवले.

आई धड जेवत नाही. आज म्हणाली, "ती काच उघड म्हणत व्हती, भिमा. मी उघडू दिली न्हाई."

मी तिला समजावले की काचेचा काय संबंध. उलट वारा लागला असता तर आणखी वाईट झाले असते. दोष गाडीत आलेल्या त्या वस्तूचा आहे, आणि ती मी आणली. आई ऐकते आणि पुन्हा तेच म्हणते.

संध्याकाळी रहिमानचाचा आणि चाची आले. चाची आईजवळ आत बसल्या. चाचा माझ्याकडे आले नाहीत, आधी गाडीकडे गेले. फळ्यांतल्या चिंध्या बोटाने चाचपल्या. घोंगडी अजून लटकत होती, ती पाहिली. मग पिशवीतून पाना आणि छिन्नी काढून मागच्या सीटचे बोल्ट तोडले आणि सीट उचलली. खाली पत्रा गंजून परातीएवढा गेला आहे, थेट जमीन दिसते. आणि धुराच्या नळीवरचा डब्याचा पत्रा सरकून पुढे गेला होता. चाचा तिथे बराच वेळ ओणवे राहिले.

मला विचारले, "फटी कुणी बुजवल्या?"

मी म्हटले, मी. कशा बुजवल्या तेही सांगितले, निरांजनाचेही सांगितले.

ते पायरीवर बसले. दोन्ही हात तोंडावरून फिरवले. मी वाट बघत होतो की आता तरी म्हणतील, चुकलो, तो भाग द्यायला नको होता. त्याऐवजी ते माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेले, मी बाजूला झालो.

"गाडी चार दिवस मला दे," एवढेच म्हणाले.

३० जानेवारी, रविवार

आज रथसप्तमी. थांबलो असतो तर आज निघालो असतो.

चाचांनी गाडी आणून सोडली. खडकीला नेऊन नळी वेल्ड केली, सीटखाली नवा पत्रा मारला. मी सांगितले नव्हते. पैसेही घेतले नाहीत. मन खात असेल, म्हणून केले. नाहीतर फुकट कोण करतो.

मी त्यांच्यासमोरच तो कार्ब्युरेटर खोलून काढला. म्हटले, हा न्या. ते म्हणाले, ठेव, चांगला आहे. मी पवनेच्या पुलावर जाऊन डोहात टाकला. पाणी जरासेच उडाले.

१२ फेब्रुवारी, शनिवार

मुंबईहून पेटी आली. मेणकागदात गुंडाळलेला, कुणाचा हात न लागलेला. मी स्वतःच बसवला. महिन्यानंतर आज पहिले भाडे केले.

२७ फेब्रुवारी, रविवार

रोज विचारतो. मागे बसणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, डोके दुखते का, मळमळते का. एकही जण हो म्हणाला नाही. ते भोसरीचे व्यापारी काचा लावून चाकणपर्यंत आले आणि वाटाणे खात होते.

म्हणजे सिद्ध झाले. नवा बसवला आणि दोष गेला. मी हे स्टेशनवर सर्वांना सांगितले. लपवण्यात अर्थ नाही, आणखी कुणाच्या गाडीत असला भाग जायला नको. टांगेवाला चिमाजी म्हणाला, "रहिमान तसा माणूस नाही, भिमाराव." मी म्हटले, मग हे कसे झाले ते सांग. 

दोन ट्रकवाले आता चाचांच्या शेडपुढे न थांबता सरळ पुढे जातात. परवा कुणीतरी त्यांच्या पत्र्यावर कोळशाने लिहिले, 'मयताचे भाग मिळतील.' अक्षर माझे नाही. शब्द माझे आहेत.

१३ मार्च, रविवार

आई फार खंगली. मध्येच उठून घराच्या खिडक्या उघडते. मला झोप येत नाही. डोळे मिटले की घोंगडीपलीकडून कुसुम 'दादाला सांग' म्हणते. वाटायचे की चाचांनी एकदा तोंडाने कबूल केले तर हे थांबेल. आज गेलो.

शेड जवळजवळ रिकामी होती. सामान बांधून ठेवले होते. दौंडला भावाकडे जातो म्हणाले. मी उभ्यानेच म्हटले, "चाचा, मला एकदाच सांगा. कुणाच्या हातून झालं? तुमच्या की माझ्या?"

चाची दारात आल्या. डोळे लाल होते. म्हणाल्या, "सांगा की आता त्याला. सारा गाव थुंकतो तुमच्यावर. त्या नळीचं सांगा, त्या फटी..."

"रोशन, आत जा," चाचा म्हणाले. इतक्या मोठ्या आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकले नव्हते.

नळीचे काय ते मला कळले नाही. नळी तर त्यांनी केव्हाच वेल्ड केली.

ते पुढे आले. या वेळी त्यांनी डोक्यावर हात ठेवला तेव्हा मी बाजूला झालो नाही. म्हणाले, "माझ्याच हातून झालं, भिमा. तो भाग मी द्यायला नको होता. तू काही केलं नाहीस. आईला पण जाऊन सांग, तिनं काही केलं नाही. रहिमाननं कबूल केलं म्हणून सांग."

मी निघालो. रस्त्यापर्यंत आलो तर त्यांनी मागून हाक मारली.

"आणि बेटा, काचा उघड्या ठेवत जा. गाडी आता नीट असली तरी."

घरी येऊन आईला सांगितले. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मग दोन घास जेवली. इतक्या दिवसांनी माझ्याही डोळ्यांवर झापड येत आहे. त्यांनी कबूल केले ते बरे झाले.